सौजन्याने बोथट झालेला विनोद : 'बुकस्मार्ट'च्या निमित्ताने

ऑलिव्हिया वाइल्ड यांचे पहिले दिग्दर्शन असलेला 'बुकस्मार्ट' हा अमेरिकन चित्रपट मे 2019 मध्ये प्रदर्शित झाला. सुमारे 60 लाख डॉलर हा त्याचा निर्मितिखर्च हॉलिवूडच्या हिशेबात किरकोळच म्हटला पाहिजे. त्याच आठवड्यात डिझ्नीचा 'अलादीन' लागला होता आणि पहिल्या तीन दिवसांत 'बुकस्मार्ट'ला जेमतेम 70 लाख डॉलरच्या आसपास उत्पन्न मिळाले. तेव्हा खुद्द दिग्दर्शिकेने प्रेक्षकांना जाहीर आवाहन केले. चित्रपट पुढे कधीतरी पाहू असे म्हणू नका, आजच पाहा. स्त्रियांनी केलेले आणि स्त्रियांविषयीचे चित्रपट नाकारण्याची सबब निर्मितिसंस्थांच्या हाती पडू देऊ नका, असा त्या आवाहनाचा आशय होता. एका दिग्दर्शिकेने असे म्हणावे यात गैर काहीच नाही. व्यवसायाची ती रीतच आहे, आणि त्यामागील भीतीही निराधार नव्हती. परंतु चित्रपटाविषयीच्या बऱ्याच लेखनानेही हेच आवाहन स्वतःचे मानले, आणि कलाकृती कशी आहे या प्रश्नाऐवजी ती टिकणे का आवश्यक आहे या प्रश्नाला उत्तरे दिली जाऊ लागली. प्रस्तुत लेखाला या दोन प्रश्नांची फारकत करायची आहे.

'बुकस्मार्ट'ने अपेक्षाभंग केला, असे माझे मत आहे. हा शब्द येथे नेमक्या अर्थाने घ्यावा. सुमार विनोदपटाने कोणाचा अपेक्षाभंग होत नाही, कारण त्याने काही अपेक्षाच निर्माण केलेली नसते. या चित्रपटाने मात्र पहिल्या वीसेक मिनिटांत एक अपेक्षा निर्माण केली, आणि ती साधी नव्हती. विनोदाच्या इतिहासात स्त्रीला जी जागा फारशी मिळालेली नाही ती देण्याची भाषा त्याने केली होती. म्हणून चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्या जागेविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने हास्याचे विभाव सांगितले आहेत : विकृत वेष, विकृत अलंकार, धार्ष्ट्य, लौल्य, असंबद्ध प्रलाप इत्यादी. स्मितापासून अतिहसितापर्यंतचे हास्याचे सहा प्रकार तो उत्तम, मध्यम आणि अधम अशा प्रकृतींत वाटून देतो. पण त्याच ठिकाणी तो असेही नोंदवतो, की हा रस मुख्यतः स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्या ठायी आढळतो. वर्गात हे स्थळ आले की विद्यार्थिनी एकमेकींकडे पाहतात. त्यांचे पाहणे अर्थपूर्ण असते, परंतु भरताचे विधान संतापून बाजूला सारण्यापेक्षा त्याचा पुढचा भाग तपासणे अधिक उपयुक्त आहे. स्त्रीच्या ठायी हास्य भरपूर आहे असे म्हणणाऱ्या या परंपरेने विनोदाचे अधिकृत पद मात्र स्त्रीला दिले नाही. ते विदूषकाचे आहे. विदूषक हा नायकाचा वयस्य असतो, त्याच्याशी बरोबरीने बोलतो, त्याची फजिती करतो आणि स्वतःची करून घेतो. नायक आणि विदूषक ही आपल्या परंपरेतील पहिली जोडगोळी होय. नायिकेच्या वाट्याला सखी येते, आणि सखी म्हणजे विदूषक नव्हे. 'शाकुंतला'तील प्रियंवदा आणि अनसूया पाहाव्यात. एक चतुर व थट्टेखोर, दुसरी गंभीर व सावध. परस्परविरोधी स्वभावांची इतकी सिद्ध जोडी क्वचित सापडेल. दुर्वासाच्या शापाची वार्ता शकुंतलेला नाही, ती या दोघींनाच आहे, आणि ती लपवण्याचा निर्णयही त्याच घेतात. म्हणजे नाटकातील सर्वांत मोठे गुपित या दोघींच्या ओटीत आहे. तरीही चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते आणि या दोघी नाटकातून नाहीशा होतात. शकुंतलेवाचून त्यांच्या मैत्रीला कथा नाही.

आधुनिक मराठी विनोदातही जोडगोळी ही बहुधा पुरुषांची मिरास राहिली आहे. कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'तील सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या यांचे त्रिकूट, चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही नावे चटकन आठवतात. त्यांच्या तोडीची दोन स्त्रियांची जोडी आठवू म्हटले तरी आठवत नाही. मराठी चित्रपटात 'अशी ही बनवाबनवी'मध्ये (1988) दोन मित्र लुगडी नेसून आले आणि प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. दोन मैत्रिणींना मध्यभागी ठेवणारा 'बिनधास्त' (1999) आला तो रहस्यपट म्हणून. स्त्रियांना विनोद कळत नाही वा लिहिता येत नाही असा याचा अर्थ नव्हे. मंगला गोडबोले यांचे लेखन आहेच. मुद्दा एका विशिष्ट घाटाचा आहे. एकमेकींची फजिती करण्याचा, चुकण्याचा आणि चुकूनही कथेच्या मध्यभागी राहण्याचा परवाना दोन स्त्रियांना मिळणे, हा तो मुद्दा.

'बुकस्मार्ट' हा परवाना मागत पडद्यावर येतो. मॉली (बीनी फेल्डस्टीन) आणि एमी (केटलिन डेव्हर) या लॉस एंजेलिसमधील दोन शाळकरी मुली. शालान्त समारंभ उद्यावर आला आहे. मॉली विद्यार्थिसंघाची अध्यक्ष आहे, येल विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला आहे. एमी अबोल आहे, तिला मुली आवडतात हे तिने दोन वर्षांपूर्वीच सर्वांना सांगितलेले आहे आणि ती बोट्सवानाला सेवाकार्यासाठी निघाली आहे. चित्रपटाच्या आरंभी मॉली आपल्या खोलीत डोळे मिटून बसली आहे. भिंतीवर कर्तृत्ववान स्त्रियांची चित्रे आहेत आणि ध्वनिफितीवरचा प्रेरणादायी आवाज तिला सांगतो आहे, की तू इतरांपेक्षा जास्त कष्ट केलेस, तुझ्यावर हसणाऱ्यांची तू पर्वा करू नकोस. हा प्रार्थनेचा उपहास आहे, आणि फार नेमका आहे. ज्या देवतेची ही प्रार्थना चालली आहे तिचे नाव गुणवत्ता.

नंतर शाळेच्या स्वच्छतागृहातील प्रसंग येतो. हा चित्रपटाचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबावे लागेल. मॉली आत असताना तीन सहाध्यायी बाहेर तिची टिंगल करतात. ती बाहेर येते आणि आपण येलला जाणार असल्याचे सांगून त्यांना त्यांची पायरी दाखवू पाहते. तेव्हा त्यांतील ॲनाबेल सांगते, की तीही येललाच चालली आहे. दुसरा स्टॅनफर्डला निघाला आहे. तिसऱ्याला गूगलने नोकरी देऊ केली आहे. हे सर्व जण तर चार वर्षे पार्ट्या करीत होते! मॉली म्हणते, तुम्हाला अभ्यासाची पर्वाच नव्हती. उत्तर येते, की आम्हाला फक्त अभ्यासाचीच पर्वा नव्हती इतकेच. फेल्डस्टीनचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा आहे. तिने केलेल्या त्यागाची किंमत एका वाक्यात शून्यावर आली आहे. बर्गसाँने विनोदविषयक निबंधात (1900) म्हटले आहे, की जिवंत माणसावर यांत्रिकतेचा जो ताठरपणा चढतो त्याला हास्य शिक्षा करते. मॉली हा असा ताठरपणा आहे, आणि येथे शिक्षा मिळते. पण तेवढेच नाही. हसता हसता प्रेक्षकाच्या लक्षात येते, की चूक केवळ मॉलीची नाही. ज्या व्यवस्थेवर तिने विश्वास ठेवला ती व्यवस्थाच कष्ट आणि फळ यांच्यातील नात्याविषयी तिच्याशी खोटे बोलली असावी. दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीभोवती ज्यांचे बालपण गेले त्या मराठी वाचकाला हा प्रसंग परका वाटण्याचे कारण नाही.

येथून चित्रपटाला दोन वाटा होत्या. एक, मॉलीचा संशय खरा मानून पुढे जाण्याची. ॲनाबेल येलला कशी पोचली? कोणाच्या पैशाने, कोणत्या ओळखीने, कोणत्या खेळाच्या राखीव जागेतून? मॉली एका साध्या सदनिकेत राहते, तिचे आईवडील आपल्याला दिसतही नाहीत. येलची फी कोण भरणार आहे? या प्रश्नांची उत्तरे द्यावीत असे नव्हे, विनोदी कथेकडून अहवालाची अपेक्षा कोणी करीत नाही. पण ते प्रश्न कथेच्या पोटात ठेवून तिला धावायला लावता आले असते. दुसरी वाट अशी, की मॉलीचा संशय चुकीचा होता, व्यवस्था ठीकच आहे आणि दोष फक्त तिच्या तुसडेपणात होता असे ठरवण्याची. चित्रपटाने दुसरी वाट धरली, आणि इतक्या चटकन धरली की वळण आल्याचेही जाणवू नये. ॲनाबेल त्याच प्रसंगात सांगून टाकते, की प्रवेशपरीक्षेत तिला उत्तम गुण पडले आहेत. संपले! सर्वच हुशार आहेत, सर्वांनाच मिळाले आहे, अन्याय कोणावरही झालेला नाही. आता मॉलीपुढे एकच काम उरते : जे चार वर्षांत केले नाही ते एका रात्रीत करणे, म्हणजे पार्टीला जाणे. गुणवत्तेची मीमांसा करू शकणारी कथा अशा रीतीने शिष्टाचाराच्या धड्यावर येते.

यासंबंधी एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. चित्रपटाचा पहिला खेळ टेक्सासमधील ऑस्टिनच्या महोत्सवात 10 मार्च 2019 रोजी झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी, 12 मार्च रोजी, बॉस्टनमधील संघराज्याच्या सरकारी वकिलांनी विद्यापीठप्रवेशांतील लाचखोरीचे मोठे प्रकरण उघडकीस आणले. धनिक पालकांनी पैसे देऊन परीक्षेतील गुण वाढवून घेतले होते, मुलांना खोटे खेळाडू ठरवून प्रवेश मिळवले होते. गुंतलेल्यांत येल आणि स्टॅनफर्ड येथील क्रीडाप्रशिक्षकही होते. पटकथाकारांना हे आधी कळायला हवे होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु वास्तवाने त्या आठवड्यात जे प्रहसन रचले त्याचा पहिला प्रवेश 'बुकस्मार्ट'च्या स्वच्छतागृहात लिहून झाला होता, आणि दुसरा लिहिण्याचे धाडस पटकथेने केले नाही, एवढे म्हणता येते. संहितेचा इतिहासही येथे काही सांगतो. मूळ पटकथा एमिली हॅल्पर्न आणि सारा हॅस्किन्स यांनी 2009 च्या सुमारास लिहिली. पुढे सुझाना फोगेल यांनी आणि अखेरीस केटी सिल्बरमन यांनी तिचे पुनर्लेखन केले. दहा वर्षांत एका संहितेवरून चार हात फिरले. अशा संहितेचे कोपरे घासले जाणे स्वाभाविक आहे. विनोदाला मात्र कोपरे लागतात.

ज्या चित्रपटाशी 'बुकस्मार्ट'ची तुलना सतत झाली त्या 'सुपरबॅड'कडे (2007) या संदर्भात पाहणे उद्बोधक ठरते. दिग्दर्शक ग्रेग मोटोला यांचा हा चित्रपटही शाळा संपत आलेल्या दोन मित्रांचा, पार्टीच्या शोधातील एका रात्रीचा. (त्यातील एका मित्राची भूमिका करणारा जोना हिल हा बीनी फेल्डस्टीनचा सख्खा भाऊ, तुलनेला तेवढे निमित्त पुरले.) 'सुपरबॅड' ओंगळ आहे. त्यातील मुलींना माणूसपण बेताचेच मिळाले आहे, आणि त्याची कीर्ती मला कधीच फारशी पटलेली नाही. परंतु घाटाच्या दृष्टीने त्यात एक गोष्ट पक्की आहे. इव्हनला डार्टमथमध्ये प्रवेश मिळाला आहे, सेथला मिळालेला नाही. गुणवत्तेची रेघ दोघा मित्रांच्या मधून गेली आहे. तिच्याविषयी ते बोलत नाहीत आणि म्हणून सगळी रात्रभर अन्य गोष्टींवरून भांडतात. त्यांच्या अश्लील बडबडीखाली एक न उच्चारलेला अपमान वाहत असतो. 'बुकस्मार्ट'ने ही रेघ दोघी मैत्रिणींच्या मधून काढून त्या दोघी आणि उरलेला वर्ग यांच्या मध्ये ओढली, आणि मग ती तिथूनही पुसून टाकली. त्यामुळे मॉली आणि एमी यांच्या मैत्रीत जे उणे आहे ते सांगण्यासाठी संहितेला स्वभावाचा आधार घ्यावा लागतो : एक अरेरावी करते, दुसरी गप्प बसते. एवढ्यावर एखादा प्रवेश चालतो. सबंध कथा तोलून धरण्याचे बळ त्यात नाही.

विनोदी कथेला अडवणारा कोणीतरी लागतो. नॉर्थ्रप फ्राय यांनी 'ॲनाटमी ऑफ क्रिटिसिझम'मध्ये (1957) सुखात्मिकेची जी मांडणी केली आहे तीत वाट अडवणाऱ्या पात्रांना फार महत्त्व आहे. त्यांना ओलांडून कथा जुन्या समाजातून नव्या समाजात जाते, आणि त्या नव्या समाजात शक्य तितक्यांना, अडवणाऱ्यांनाही, सामावून घेण्याकडे तिचा कल असतो. 'बुकस्मार्ट'मध्ये सामावून घेणे आधीच आटोपलेले आहे. एमीचे धर्मश्रद्ध आईवडील मुलीच्या आवडीनिवडीला इतके अनुकूल आहेत, की मॉली ही तिची प्रेयसीच असावी असे समजून ते कौतुकाने वागतात. शाळेत कोणी कोणाला तिच्या लैंगिकतेवरून चिडवत नाही. पैशाच्या जोरावर मित्र मिळवू पाहणारा जॅरेड हा श्रीमंत मुलगा हास्यास्पद होता होता एकाकी आणि गोड निघतो, व शेवटी मॉली त्याचे चुंबन घेते. प्रत्येक जण आतून चांगला आहे. एमीच्या बाबतीत ही निवड हेतुपूर्वक केलेली आहे आणि तिचे मूल्य मी कमी मानत नाही. अशा मुलीने पडद्यावर केवळ सोसण्यासाठीच यावे हा जुना संकेत मोडायलाच हवा होता. प्रश्न एवढाच, की एक अडसर काढल्यावर दुसरा, अधिक खरा अडसर शोधण्याची जबाबदारी लेखकावर येते. वर्ग, पैसा, शिक्षणाचा बाजार हे अडसर हाताशी होते. त्यांच्याऐवजी संहितेने पत्ता सापडत नाही हा अडसर निवडला. अर्धा चित्रपट दोघी पार्टीचे घर शोधत फिरतात.

या फिरण्यात काही जागा उत्तम आहेत, त्या नोंदवल्याच पाहिजेत. बिली लूर्डने साकारलेली जीजी ही या घरातून त्या घरात दोघींच्या आधी कशी पोचते याचे स्पष्टीकरण चित्रपट देत नाही, आणि तिथे तो पहिल्यांदा निर्धास्तपणे विनोदी होतो. विषप्रयोग झाल्यासारख्या अवस्थेत दोघी स्वतःला प्लॅस्टिकच्या बाहुल्यांच्या अशक्य देहांत पाहतात, तो बाहुलीपटाचा तुकडा भरताच्या विकृत वेषाचे आधुनिक उदाहरण म्हणून शिकवता येईल. भाड्याची मोटार बोलावल्यावर चालकाच्या जागी शाळेचे मुख्याध्यापकच निघतात, हा विनोद क्षणभर फार काही बोलून जातो. ज्या शहरात मुलांना येलची स्वप्ने पडतात त्याच शहरात शाळेच्या प्रमुखाला रात्री गाडी चालवावी लागते. पण लगेच मोटारीतील ध्वनिवर्धकावर नको ते आवाज सुरू होतात आणि मुख्याध्यापकांचा पगार विसरला जातो. असे दोनतीनदा घडते. चित्रपटाच्या हाताला काहीतरी धारदार लागते आणि तो हात मागे घेतो.

सर्वांत खरा प्रसंग लहानसा आहे. रात्रीच्या शेवटी ॲनाबेल मॉलीला आपल्या गाडीतून घरी सोडते. तीन मुलांशी जोडल्या गेलेल्या एका किश्श्यावरून शाळेने ॲनाबेलला एक ओंगळ टोपणनाव चिकटवले आहे. मुलगे ते वापरतात याचे तिला फारसे वाटत नाही. मुलीही वापरतात हे लागते, असे ती सांगते. मॉलीही ते वापरत आली आहे. भिंतीवर थोर स्त्रियांची चित्रे लावणारी मुलगी शेजारच्या बाकावरील मुलीला त्या नावाने हाक मारीत होती! येथे मॉली प्रथमच खरोखर चुकलेली दिसते, आणि चुकीचे स्वरूप विनोदी नायिकेला शोभणारे आहे : तत्त्व पाठ, वर्तन नापास. या एका संवादात एका संपूर्ण चित्रपटाचे बीज होते. पटकथेने त्याला गाडीच्या एका फेरीइतका वेळ दिला.

याच्या उलट, जिथे वेळ दिला आहे तिथे ऐनवेळी मौन पत्करले आहे. दोघींच्या मैत्रीत एक संकेत आहे : एकीने मलालाचे नाव उच्चारले की दुसरीने काहीही न विचारता तिला साथ द्यायची. पार्टीत एमीचा हिरमोड होतो, ती निघून जाण्यासाठी ते नाव उच्चारते आणि मॉली नकार देते. शपथ मोडली. मग भर गर्दीत दोघींचे भांडण होते. बोट्सवानाचा मुक्काम एका उन्हाळ्याचा नसून वर्षभराचा आहे हे एमीने लपवले होते, ते येथेच बाहेर येते. भोवतीची मुले फोन उंचावून चित्रण करू लागतात, आणि भांडण ऐन रंगात आले असताना दिग्दर्शिका ध्वनी काढून घेते. ओठ हलताना दिसतात, शब्द ऐकू येत नाहीत. या क्लृप्तीची पुष्कळ वाखाणणी झाली आहे. मला ती या चित्रपटाची कबुली वाटते. दोन अखंड बोलणाऱ्या मुलींची ही कथा; त्यांची मैत्री शब्दांचीच बनलेली आहे, एकमेकींच्या कपड्यांचे कौतुकसुद्धा त्या स्पर्धा लावल्यासारखे करतात. अशा दोघी एकमेकींना सर्वांत कठोर काय म्हणतात, हे ऐकण्यासाठीच आपण तासभर बसलेलो असतो. ते शब्द लिहिले गेले असते तर त्यांची भरपाई करणारा शेवटही लिहावा लागला असता. शब्द ऐकूच आले नाहीत म्हणून सकाळी दिलजमाई स्वस्तात होते. एमी पोलिसांचे लक्ष स्वतःकडे ओढून इतरांना वाचवते, मॉली तिला कोठडीतून सोडवून आणते, आणि क्षमेचा प्रश्न गडबडीत मागे पडतो.

सौजन्याची ही सर्वव्यापी वृत्ती निरपवाद असती तर निदान तिला सुसंगती तरी असती. पण एका शिक्षिकेचे आपल्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याशी त्या रात्री जे होते ते केवळ मौजेखातर येते आणि मौजेखातरच सोडून दिले जाते. त्या जागी शिक्षक पुरुष आणि विद्यार्थिनी स्त्री असती, तर याच चित्रपटाने ते खपवून घेतले नसते. नियम मोडण्याला माझी हरकत नाही. प्रहसनात सगळेच नियम मोडतात. मात्र चित्रपट कुठे मोडतोड करतो आणि कुठे हळुवार होतो हे पाहिले, की त्याची नीती विनोदातून उगवलेली नसून बाहेरून आणून लावलेली आहे हे उघड होते.

आता आरंभीच्या आवाहनाकडे वळता येईल. अशा चित्रपटाविषयी परखड लिहिणे म्हणजे त्याच्या शत्रूंना बळ देणे, अशी भीती आपल्याकडेही अपरिचित नाही. मराठी समीक्षाव्यवहारात स्त्रियांच्या लेखनाची दीर्घकाळ एका वेगळ्या कप्प्यात, आदबशीर शब्दांत संभावना झाली. प्रांजळपणा, हळुवारपणा, अनुभवाचा सच्चेपणा हे त्या कप्प्यातील ठरीव शब्द होते, आणि ते एकदा उच्चारले की घाटाविषयी प्रश्न विचारायचे नसत. स्त्रीवादी समीक्षेने या आदबीचा मुखवटा काढला हे तिचे मोठे काम. ते काम झाल्यावर तीच आदब आता सद्हेतूच्या नावाने पुन्हा आत घेणे विचित्र आहे. व्यावहारिक युक्तिवादही आता पूर्वीइतका टिकत नाही. केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' (2023) सहा बहिणींना आणि मंगळागौरीच्या स्पर्धेला घेऊन आला, स्त्रियांचे जथे एकत्र येऊन तो पाहून गेले आणि मराठीतील सर्वाधिक उत्पन्न मिळवणाऱ्या चित्रपटांत तो जाऊन बसला. त्याला समीक्षेच्या संरक्षणाची गरज पडली नाही. त्यातही भांडणे खेळाच्या फेरात विरघळतात, ही तक्रार तिथेही करता येते; ती वेगळ्या लेखाची आहे. 'बुकस्मार्ट'नेही अखेरीस जगभर अडीच कोटी डॉलरच्या आसपास उत्पन्न मिळवले. मोठा विजय नव्हे, पण स्त्रीविनोदाचे भवितव्य ज्याच्या पारड्यात टाकावे असा पराजयही नव्हे.

चित्रपटाच्या शेवटी मॉली एमीला विमानतळावर सोडते. निरोप होतो, एमी आत जाते, मॉली रडू आवरत गाडी सुरू करते, आणि एमी पुन्हा गाडीपुढे येऊन उभी राहते : अजून वेळ आहे, काहीतरी खाऊन येऊ. दोघी किंचाळतात, चित्रपट संपतो. फेल्डस्टीन आणि डेव्हर यांनी हा क्षण इतक्या सहजतेने केला आहे, की त्यांच्यासाठी याहून चांगली संहिता कोणी का लिहिली नाही, याचा राग येतो. प्रियंवदा आणि अनसूया यांना आश्रमातच ठेवून कालिदास पुढे गेला, कारण त्याची कथा दुसऱ्याच कोणाची होती. येथे कथा या दोघींचीच होती. तरीही एमीचे विमान एक वर्षासाठी उडणार आहे आणि तिच्या मैत्रिणीला ते तिने इतके दिवस का सांगितले नाही, हे त्या न्याहारीच्या टेबलावरही विचारले जाणार नाही, असे वाटत राहते.